कापश्याचे दात

आमच्या कापश्यानं उपोषण केलं नव्हतं. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला मला पळवाट उरणार नाही. मागच्या महिन्यात दादरला माझ्या पुतण्याच्या नातीचं बारसं झालं. जेवणं उरकल्यावर पुतण्यानं तरुण मंडळींना भोवती बसवून तीच गोष्ट रंगवून सांगितली. लालबागच्या आपल्या जुन्या चाळीत एक पांढराशुभ्र उंदीर होता, साक्षात गणपतीचं वाहन. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून त्यानं अन्नपाणी वर्ज्य केलं आणि सहाव्या दिवशी देह ठेवला. पोरं हसली, हळहळली, एका मुलीनं तर मोबाइलवर सगळं रेकॉर्ड करून घेतलं. मग पुतण्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि हे आपले दिनूकाका त्याचे सेवेकरी!" वीस-पंचवीस माना माझ्याकडे वळल्या. सगळ्यांच्या डोळ्यांत कौतुक. मी आइस्क्रीमची वाटी खाली ठेवली, हात धुवायला म्हणून उठलो, आणि पुन्हा त्या घोळक्यात गेलो नाही. घरी येताना रिक्षात बायकोनं विचारलं, "बरं नाही का वाटत?" मी म्हटलं, "नाही." साठ-पासष्ट वर्षं झाली, बरं वाटत नाही.

ही गोष्ट पुतण्यानं रचलेली नाही, त्याचा दोष नाही. ती रचली आमच्या चाळीचे पुढारी परबअण्णांनी, आणि तिचा साक्षीदार म्हणून उभा राहिलो मी. अण्णा जाऊन किती वर्षं झाली. चाळ पाडली, तिथे आता इतका उंच टॉवर आहे की खाली उभं राहून वर बघितलं की मान दुखते. गोष्ट तेवढी मरत नाही. तिचा गळा मीच दाबला पाहिजे.

मी तेव्हा आठवीत होतो. मसाले कांडायच्या गल्लीतून येताना मला कुत्रं चावलं. त्या काळी कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं, रोज एक, आणि ती घ्यायला परळला, जिथे लशी तयार होत त्या मोठ्या प्रयोगशाळेत जावं लागे. वडील गिरणीत साचेवाले, मागावर काम करायचे, त्यांना पाळी सोडून येता यायचं नाही, म्हणून मी एकटा चालत जायचो. तिसऱ्या दिवशी सुई बघूनच मी व्हरांड्यात मटकन खाली बसलो. तेव्हा खाकी अर्ध्या चड्डीतला, कानात अर्धी विडी खोचलेला एक माणूस माझ्याशेजारी येऊन उकिडवा बसला. त्यानं मूठ उघडली. आत एक पांढरं पिल्लू होतं. "ह्येला रोज टोचत्यात," तो म्हणाला, "आनि ह्यो एकदाबी रडला न्हाई. तू केवढा, ह्यो केवढा?" ते कांबळेकाका. तिथल्या जनावरांच्या खात्यात काम करायचे. उंदीर, ससे, गिनीपिग यांना खाऊपिऊ घालायचं, पिंजरे धुवायचे. योगायोग असा की राहायला ते आमच्याच आवाराला लागून असलेल्या बैठ्या चाळीत होते. योगायोग तरी कसला म्हणायचा? मी जन्मापासून तिथे राहत होतो आणि तोवर मला त्यांचं नाव माहीत नव्हतं, कारण त्या चाळीतल्या कुणाला आमच्या जिन्यात यायची पद्धत नव्हती. कुणी मनाई केली नव्हती. फक्त कुणी बोलावत नसे.

चौदावं इंजेक्शन झालं त्या दिवशी काकांनी मला एक उंदीर दिला. साहेबाला विचारून दिला. त्याचा खालचा जबडा किंचित तिरका होता म्हणून त्याला प्रयोगातून काढून टाकलं होतं, आणि काढून टाकलेल्यांचं तिथे काय करतात हे काकांनी मला सांगितलं नाही. "पन ऐक," ते म्हणाले, "उंदराचे फुडचे दात मरेपातूर वाढत्यात. आपल्या नखावानी. चांगल्या जबड्याचा उंदीर खालचे-वरचे एकमेकांवर घासून झिजवतो. ह्येचे बराबर जुळत न्हाईत. तवा ह्येला रोज कायतरी टणक कुरतडायला पायजे, आनि तरी महिन्याला मी येऊन टोकं कापून दीन. ह्यात कसूर झाली तर ह्यो जगायचा न्हाई." मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून पटाईत.

गिरणीच्या कापसाच्या पेळूसारखा दिसायचा म्हणून त्याचं नाव कापश्या. आमची खोली दहा बाय बारा, तिच्यात आम्ही पाच माणसं, आणि चुलीच्या कोपऱ्यात काकांनीच पत्र्याच्या डब्याला जाळी ठोकून बनवलेला त्याचा पिंजरा. आईनं पहिल्या दिवशी आकांत केला. ती मालवणकडची, उंदीर म्हणजे तिच्या लेखी तांदळाच्या कणगीचा वैरी. "उंदराक आपण विष घालतंव, आणि ह्यो तेका घरात आणता!" पण आठ दिवसांत तीच त्याच्यासाठी भाकरीचा पापुद्रा काढून कौलावर वाळत घालू लागली. कडकडीत वाळला की कापश्या तो दोन हातांत धरून कुरकुर कुरतडत बसे. नारळाची करवंटी, चोखून धुतलेली आंब्याची कोय, बाभळीचं दातण, रविवारी मटण असलं तर उकळून घेतलेलं हाड. वडिलांनी गिरणीतून एक चिरलेली लाकडी बॉबिन आणली, तिला तेल होतं म्हणून काकांच्या सांगण्यावरून आईनं ती दोनदा उकळून घासली. त्या बॉबिनीवर कापश्याचा फार जीव. पहाटेचा भोंगा व्हायच्या आधी खोलीत तो एकच आवाज असायचा, लाकडावर दातांचा, बारीक आणि सलग, जणू कुणी खूप दूर रंधा मारतंय. पोट भरून निवांत बसला की दातांवर दात घासून वेगळीच करकर करी आणि त्याचे डोळे आतबाहेर होत. मी घाबरलो होतो, पण काका म्हणाले, "खुशीत हाय. मांजर गुरगुरतं तसं हाय ते."

महिन्याच्या शेवटच्या रविवारी काका येत. जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसत, मी पिंजरा खाली नेत असे. कापश्याला पंच्यात गुंडाळून, बोटानं ओठ वर करून, तारा कापायच्या बारीक कातरीनं ते दातांची टोकं काढत. आडवी कापायची, चिरायची नाहीत. चिरलं तर दात मुळापर्यंत उभा फाटतो. हाताला कंप नाही, श्वास रोखलेला, कानातली विडी तशीच. पहिल्यांदा दात बघून मी म्हटलं होतं, "काका, किती पिवळे आहेत!" तर हसून म्हणाले, "उंदराचे पिवळेच पायजेत. पांढरे पडले तर समज कायतरी बिघडलं." काम झालं की आई चहा पाठवी. कान तुटलेला एक कप होता, त्यात. आईवर माझा फार जीव होता, पण सगळं खरं लिहायचं ठरवलंय तर तो कपही लिहिला पाहिजे. तो फळीवर वेगळा ठेवलेला असे आणि मीच तो काढून देत असे.

आता परबअण्णा. गिरणीत हजेरी मांडणारे कारकून, म्हणजे आमच्यातले एकुलते टेबल-खुर्चीवाले. चाळीचा गणेशोत्सव, भजन, पाण्याच्या नळाची भांडणं, सगळं त्यांच्या हातात. बोलणं नेहमी भाषणासारखं. एका संकष्टीला ते वर्गणीचं बोलायला आमच्या दारात आले. कापश्या तेव्हा मागच्या पायांवर बसून, पुढच्या दोन हातांत भाकरीचा तुकडा धरून कुरतडत होता. तुकडा संपला, हात तसेच राहिले. अण्णा जागीच थबकले. "अरे, हा हात जोडतोय!" ते म्हणाले. "संकष्टीला! पांढरा मूषक!" वडील म्हणाले, "अण्णा, तो भाकरी खात होता." अण्णांनी ते ऐकलंच नाही. त्यांना जे ऐकायचं नसे ते त्यांच्या कानापर्यंत पोचतच नसे. हा गुण मी नंतर पुष्कळ मोठ्या पुढाऱ्यांत पाहिला.

आठवड्याभरात कापश्या तळमजल्यावर मंडळाच्या खोलीत गेला. चौरंग, त्यावर लाल कापड, त्यावर जाळीचा नवा पिंजरा. नाव मूषकराज. मला विचारलं होतं, खोटं का बोलू? अण्णा म्हणाले, "दिनू, तू त्याचा सेवेकरी. आरतीला पुढे उभा राहायचास." आणि मी हुरळलो. आठवीत दोनदा गटांगळी खाल्लेला, खेळात कुणी न घेणारा मुलगा मी. आरतीला पुढे उभं राहायला मिळणं म्हणजे काय हे ज्याला ते कधी मिळालं नाही त्यालाच कळेल. बॉबिन पहिल्या दिवशी गेली. "देवाच्या वाहनाला लाकडं चावायला देता? लाज वाटत नाही?" आरतीच्या वेळी कुरकुर ऐकू येते म्हणून करवंटीही गेली. हाड तर कुणाला सांगायचीही सोय नव्हती. त्याच्या जागी आले पेढे, शिरा, दुधात भिजवलेला पाव, केळ्याचे काप, मऊ लुसलुशीत मोदक. येणारा प्रत्येक जण हातानं भरवायचा. एका बाईंनी दात बघून नाक मुरडलं, "शी! वाहन आणि असले पिवळे दात?" म्हणून अण्णांनी फर्मान काढलं आणि मी रोज सकाळी बोटावर राखुंडी घेऊन त्याचे दात घासू लागलो. तो मान सोडवून घेऊ बघायचा. मी घट्ट धरून ठेवायचो. आज माझी नात तिच्या दोन पाळीव उंदरांसाठी दुकानातून सफरचंदाच्या लाकडाच्या कांड्या मागवते, तीन महिन्यांनी डॉक्टरकडे नेऊन दात तपासून घेते, आणि घरातले तिची थट्टा करतात. मी करत नाही. मी उठून गॅलरीत जातो.

महिना संपला, काका कातर घेऊन आले. अण्णांनी मला आधीच बजावलं होतं. मी आवारात त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"काका, आता गरज नाही."

"गरज न्हाई म्हंजे? जबडा सरळ झाला का त्याचा?"

"अण्णा म्हणतात, तो आता देवाचा आहे. कुणी… म्हणजे बाहेरच्यांनी शिवायचं नाही."

काकांनी कातर खिशात घातली. 'बाहेरच्यांनी' म्हणजे कुणी हे त्यांना मी समजावून सांगायची गरज नव्हती. "देवाचा झाला म्हनून दात वाढायचे थांबत्यात व्हय रे?" एवढंच म्हणाले. मी मंडळाच्या खोलीची वाट अडवून उभा होतो. ते आत येणार नव्हतेच, कधी आले नव्हते, तरी मी आडवा उभा होतो.

मग ते दिवस आले. मुंबई कुणाची, यावर सारं शहर पेटलं. मोर्चे, हरताळ, लाठ्या, अश्रुधूर. ज्या सकाळी भोंगा वाजत नसे त्या सकाळची शांतता कानात शिरून बसायची, मग एकदम कुठून तरी शिट्ट्या आणि पळापळ. घरात भाजी यायची बंद झाली. पिठलं-भात आणि तव्यावर भाजलेली सुकट, हेच दोन्ही वेळा. सुकटीचा वास आणि अश्रुधुराचा वास माझ्या आठवणीत एकत्र झालेत. वडील मोर्चाला जात, सदरा फाटून येत. माणसं मरत होती. हे मला ठासून लिहायचंय. खरी माणसं मरत होती. आमच्या मागच्या गल्लीतला, नुकतंच लग्न झालेला एक जॉबर, गिरणीतला मुकादम, गोळी लागून गेला. ज्या दिवसांत असं होत होतं त्याच दिवसांत आमच्या चाळीनं हा उंदराचा तमाशा मांडला, आणि आज आमच्या घरातल्या पोरांना त्या जॉबरचं नाव माहीत नाही, मूषकराज माहीत आहे!

कापश्यानं खाणं टाकलं. एकाएकी नाही. आधी पेढा तोंडाशी नेऊन खाली टाकू लागला. हनुवटी सतत ओली. पाठीचा कणा हाताला लागू लागला. मग एक दिवस काहीच खाल्लं नाही. कुणीतरी अण्णांना सांगितलं. अण्णा त्या संध्याकाळी मंडळाच्या खोलीत चौरंगासमोर बराच वेळ हात जोडून उभे राहिले आणि मग वळून म्हणाले, "मुक्या जीवाला कळलं. आपल्याला कळेना. मूषकराजांनी उपोषण मांडलंय." शपथेवर सांगतो, कुणी हसलं नाही. दुसऱ्या सकाळी दारावर फळा लागला: मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी मूषकराजांचे प्राणांतिक उपोषण, दिवस दुसरा. आवाराबाहेर रांग लागली. चिंचपोकळी, करी रोड, काळाचौकी, कुठून कुठून लोक आले. बायका पिंजऱ्यापुढे ओटी ठेवत. मी गळ्यात भगवी पट्टी बांधून बाजूला उभा, आणि दर पाच मिनिटांनी खणखणीत आवाजात सांगत होतो, "आज चौथा दिवस! पाण्यालासुद्धा शिवलेलं नाही!" अण्णांच्या शेजारी उभं राहून अण्णांसारखा आवाज काढायला मला चांगलं जमू लागलं होतं.

आई एकदाच खाली आली. करंगळीला पेज लावून तिनं ती जाळीतून आत धरली. कापश्या धडपडत आला, दोन्ही हातांनी बोट पकडलं, तोंड लावलं, आणि पेज सगळी हनुवटीवरून खाली ओघळली. तरी तो बोट सोडेना.

"ह्येका उपास करूचो नाय हा," आई म्हणाली. "बघ कसो वासाक धावता. ह्येका खावक व्हया, पण खावक जमणा नाय. तेच्या तोंडात कायतरी दुखता. तुका दिसणा नाय?"

"आई, लोक बघतायत. तू वर जा."

पाचव्या दिवशी सकाळी, रांग सुरू व्हायच्या आधी, मी त्याला बाहेर काढलं आणि बोटानं ओठ वर केला. काका करायचे तसाच. खालचे दोन दात वाकून, आकड्यासारखे वळून, वरच्या टाळूत शिरले होते. भोवती सूज होती. तोंड मिटलेलंच खिळल्यासारखं. मी ओठ सोडला, त्याला पिंजऱ्यात ठेवलं, जाळीचं दार लावलं आणि गळ्यात पट्टी बांधली. मला कळलं नाही असं कुणी समजू नये. मला त्या क्षणी सगळं कळलं होतं. चाळीस पावलांवर काकांचं दार होतं.

ती चाळीस पावलं आई चालली. आवार ओलांडून ती कधी त्या चाळीत गेली नव्हती. त्या दिवशी गेली, दारात उभी राहून हाक मारली आणि कांबळेकाकांना घेऊन आली. काकांच्या डोक्याला पट्टी होती. आदल्या दिवशीच्या मोर्चात लाठी बसली होती. परबअण्णा त्या सबंध आंदोलनात आवाराच्या फाटकाबाहेर पडल्याचं मला आठवत नाही. काकांच्या खांद्यावर पंचा, हातात ती कातर. खोलीत पन्नास एक माणसं होती. काका उंबऱ्यापाशी थांबले.

"अण्णा," ते म्हणाले, "त्याचे दात वाढल्यात. मी कापून देतो. लगेच खाईल बगा."

"आपण कोण?" अण्णांनी विचारलं. तीन महिने ज्याला आपल्या आवारात बसलेला बघत होते त्याला विचारलं, आपण कोण!

"कांबळे. म्यांच दिला ह्यो उंदीर दिनूला."

"म्हणजे उपोषण मोडायला आलात. कुणी पाठवलं तुम्हाला?"

"उंदीर उपोषन करत नसतो, अण्णा. त्ये मानसाचं काम. कालच्याला मीबी उपाशीच होतो पोलिसांच्या चौकीत. तुमी त्याचं तोंड उघडून तर बगा."

खोलीत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, "बघायला काय हरकत आहे?" मला आठवतं, त्या क्षणी अण्णांच्या कपाळावर घाम आला होता. बाहेर रांग होती, फळ्यावर दिवस पाचवा लिहिलेलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सुटकेचा मार्ग दिसावा तसा चेहरा केला.

"आपण कशाला वाद घालायचा? हा रोज त्याची सेवा करतो. दिनू, गजाननासमोर खरं सांग. दात वाढलेत का त्याचे?"

काका माझ्याकडे बघत होते. त्यांना खात्री होती. आई बघत होती. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. पण 'हो' म्हटलं असतं तर फळा उतरला असता, रांग घरी गेली असती, लोक अण्णांना हसले असते, आणि गळ्यातली पट्टी काढून मी पुन्हा तो गटांगळी खाल्लेला मुलगा झालो असतो.

"नाहीत," मी म्हणालो. "आज सकाळीच बघितले. चांगले आहेत."

मग काय व्हायचं ते झालं. कुणी म्हणालं, लॅबातला माणूस, यानंच आधी काहीतरी टोचून दिलं असेल. कुणी म्हणालं, याची पायरी याला दाखवा. धक्काबुक्की झाली, काकांच्या हातातली कातर पडली, एकानं ती पायानं गटारात ढकलली. काका वाकले, गटारात हात घालून ती काढली, पंच्याला पुसली आणि गेले. मागे वळून बघितलं नाही. आई माझ्याजवळ आली आणि इतक्या हळू बोलली की दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नसेल. "खोटा बोललंस मां?" मी गळ्यातली पट्टी सारखी केली. तिनं तो प्रश्न पुन्हा कधीच विचारला नाही, आणि त्या दिवसानंतर फळीवरचा तो कान तुटलेला कप मला दिसला नाही. तिनं फेकला असावा. पण जे चहा प्यायला यायचे त्यांना तोवर आम्ही घालवून दिलं होतं.

दुसऱ्या सकाळी कापश्या पिंजऱ्याच्या कोपऱ्यात गार होऊन पडलेला होता. त्याच्या पालखीला, हो, पालखी काढली, सबंध लालबाग लोटलं. गुलाल, हार, टाळ. पारापाशी खड्डा खणून अण्णांनी भाषण केलं. त्यात त्यांनी हेही सांगितलं की एका अपवित्र सावलीमुळे व्रताला बाधा आली म्हणून मूषकराजांनी देह ठेवला. सावली कुणाची हे त्यांनी सांगितलं नाही. लोकांना सांगावं लागलं नाही. वडील खाली आलेच नाहीत. मी पट्टी सोडायला वर गेलो तेव्हा ते खिडकीतून बघत होते. म्हणाले, "परवा त्या जॉबराच्या मयताला आपल्या चाळीतून आम्ही चौघे होतो." बस, तेवढंच.

पुढचे काही महिने आमच्या चाळीतली पोरं कांबळेकाकांच्या मुलांच्या मागे "उंदीरखाऊ, उंदीरखाऊ" ओरडत धावायची. काका कामावर जायला आमच्या आवारातून जात, ते बंद झालं. मागच्या गल्लीनं मोठा वळसा घालून जाऊ लागले. तीस पोरांचं ओरडणं मी एका वाक्यानं थांबवू शकलो असतो. मी ओरडणाऱ्यांत नव्हतो, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. ओरडणाऱ्यांना शब्द मी पुरवले होते.

एकदाच ते मला भेटले. परळच्या रस्त्यावर, प्रयोगशाळेच्या भिंतीला लागून मी शाळेतून येत होतो आणि ते समोरून आले. पळायला जागा नव्हती. कपाळावर जखमेचा व्रण दिसत होता. मला वाटलं, मारतील. मारायला हवं होतं. ते थांबले आणि म्हणाले, "किती वाढले व्हते?"

मी करंगळी वाकवून दाखवली.

"टाळूत गेले व्हते?"

मी मान डोलावली.

"मग पानी पिता येत व्हतं का त्याला?"

"नाही."

"म्हंजे भुकेनं न्हाई मेला," ते म्हणाले. "भुकेला उंदीर दम काढतो रे. तहानेला न्हाई काढत." त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखादा जाणता माणूस चुकीची नोंद दुरुस्त करतो, तसे ते बोलले. मग कानातली विडी नीट खोचली आणि फाटकाकडे वळले. "चल, उशीर झाला. आत पिंजऱ्यांतल्या पान्याच्या बाटल्या भरायच्या हायत. सकाळपासून वाट बगत असत्याल सगळी."